बिनपायऱ्यांची विहीर

आमच्या तालुक्यातल्या एका गावात इंगळे साहेबांना लोक मारता मारता राहिले, ते एका लिंबामुळे.

भर सकाळी हा पांढऱ्या केसांचा माणूस पँट पोटरीपर्यंत दुमडून गावाच्या वरच्या अंगाला गेला, खिशातून पिवळंधमक लिंबू काढलं, नालीत सोडलं आणि त्याच्या मागं मागं चालू लागला. लिंबू थांबलं की हा थांबे, लिंबू वळलं की हा वळे. एका घरापुढं ते विटेला अडकून गोल गोल फिरायला लागलं, तेव्हा हा तिथंच उकिडवा बसून त्याच्याकडं टक लावून पाहत राहिला. त्या घरात नेमकी सून बाळंतीण. मग काय विचारता! बायांनी लेकरं आत ओढली, सासू मुसळ घेऊन बाहेर आली, पारावरची माणसं धावली. "करनी करून राह्यला बे हा, धरा त्याले!"

मी पोहोचलो तेव्हा साहेबांची कॉलर एका पहिलवानाच्या मुठीत होती आणि साहेब त्याला शांतपणे सांगत होते, "धरा भाऊ, काही हरकत नाही. फक्त लिंबाकडं पाहत रहा. थे सुटलं का मले सांगा."

लिंबू हे त्यांचं मोजमापाचं यंत्र. गावाचं पाणी कुठं पळतं, कुठं रेंगाळतं, कुठं बसून राहतं, हे त्यांना लिंबू सांगतं. याच्यासाठी बाजारात महागडी यंत्रं मिळतात, असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "भेटतात ना. पन उरलेल्या यंत्राचं सरबत नाही होत, ठेकेदार."

इंगळे साहेब पंपिंग स्टेशनचं डिझाइन करतात. पिण्याचं पाणी टाकीत चढवायचं असो की गावाचं सांडपाणी उपसून शुद्धीकरणाला पाठवायचं असो, विहीर किती खोल, पंप कसा, पंपघराला दार कुठं, हे सगळं कागदावर काढून देणारा हा माणूस. नोकरीतून निवृत्त झाले, मेहकरला भाड्याच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही, कारण प्रश्न विचारायचं काम ते स्वतःकडंच ठेवतात.

आणि त्यांनी कागदावर काढलेलं जमिनीवर उभं करणारा ठेकेदार म्हणजे मी. पत्र्याच्या टपरीत जळक्या मोटारींचं रिवाइंडिंग करता करता वर आलेला माणूस. सिमेंटपासून नटबोल्टापर्यंत कोणतीही वस्तू मी पहिल्या सांगितलेल्या भावानं घेतलेली नाही. मेहकरच्या बाजारातली भाजीवाली मला लांबून पाहिलं की टोपलीवर पदर टाकते. आणि माझा इंगळे साहेबांवर राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्या हातून त्यांचं कौतुक झालंच, तर ते माझ्याकडून घासाघीस करून घेतलेलं आहे असं समजावं.

पहिली गोष्ट, या माणसाला तयार माल चालत नाही. कंपनीचा जाडजूड कॅटलॉग असतो, त्यात पाहून बोट ठेवावं, पंप मागवावा, बसवावा, नारळ फोडावा. सगळं जग असंच करतं. साहेबांपुढं कॅटलॉग ठेवला की ते तो न उघडताच माझ्याकडं सरकवतात. "हे दुसऱ्या गावाचे कपडे हायेत. आपल्या गावाच्या आंगाले कसे होतीन? गाव तसा पंप!"

आणि मग गावाचं माप घेणं सुरू. साहेब किराणा दुकानात जातात आणि विचारतात, "शाम्पूच्या पुड्या किती खपतात? पोट्ट्यांचे डायपर? गुटख्याच्या पुड्या?" दुकानदाराला वाटतं टॅक्सवाला आला. तो सगळा माल नाकबूल करतो. साहेब त्याला समजावतात, "अरे बाप्पा, तू काय इकतं थे नाही सांगशीन त माझ्या पंपात काय अडकन, हे मले कसं समजंन?" सुलतानपूरला तर त्यांनी एका घरंदाज बाईला दारात उभं राहून विचारलं, "ताई, तुमच्या घरी सकाळी आंघोळी कोणत्या वक्ताले होतात? एकामागून एक का थांबून थांबून?" घरमालक काठी शोधत असताना त्यांना मोटारसायकलवर मागं घालून मीच पळालो आहे. सगळं गाव एकदम आंघोळीला बसलं तर पाणी किती येईल, हे त्यांना पाहायचं होतं. वाटेत ते माझ्या कानाशी ओरडून सांगत होते, "ठेकेदार, काठी कुठं हाय हे त्याले ठाऊक नाही, पन आंघोळीचा वक्त बरोबर सांगतला त्यानं!"

दुसरी गोष्ट, त्यांचा तो प्रश्न. "खाली कोन हाय?" पाइप टाकायचा म्हटलं की प्रश्न. भिंत पाडायची म्हटलं की प्रश्न. एकदा लोणारच्या एसटीत एका पाहुण्यानं वरच्या रॅकवर लोणच्याची बरणी ठेवली, तर हे उठून उभे. "खाली कोन हाय?" खाली एक मास्तर झोपलेले होते. साहेबांनी त्यांना उठवून दुसरीकडं बसवलं, आणि मास्तर लोणारपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत.

जानेफळला पिण्याच्या पाण्याचं काम होतं. तिथला ऑपरेटर जरा ठेंगणा. साहेबांनी त्याला भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला, खडूनं खूण केली आणि म्हणाले, "स्टार्टर इथं." मी म्हणालो, "साहेब, सगळ्या दुनियेत स्टार्टर एकाच उंचीवर असतो. उद्या हा माणूस बदलला त?"

"त त्याचं माप घेऊ."

"अन् बोर्ड काढून पुन्हा बसवायचा कोणी?"

"तुम्हीच. तुमचा हात चांगला हाय."

एवढी एकच स्तुती त्यांनी माझी केली असेल. तीही मला काम लावण्यासाठी.

आता माझ्या मूळ दुखण्याकडं येतो. एका मोठ्या गावात सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन करायचं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण सरपंच अजून तेच आहेत आणि मला अजून कामं लागतात. जमिनीत खोल गोल विहीर, गावाचं सगळं घाण पाणी तिच्यात येणार, तळाशी पाण्यात बुडालेला पंप ते उपसून पुढं ढकलणार. साधं काम. मी विहीर बांधली, काय सुंदर बांधली! आणि प्रत्येक विहिरीला असतात तशा आत उतरायला भिंतीत लोखंडी कड्या बसवल्या. एकावर एक, ओळंब्यात, मोत्याच्या माळेसारख्या. मिस्त्रीला मी पेढा दिला होता.

साहेब आले. आत वाकून पाहिलं. म्हणाले, "ह्या कापा."

मला वाटलं, कडी वाकडी बसली असेल. "कोणती कापू?"

"सगळ्या."

"काऊन?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पलीकडच्या शेतातले बगळे उडाले. "आत उतरन कसा माणूस?"

"माणूस उतरनच नाही. पंप वर येईन."

त्यांनी कागद पसरला. विहिरीत दोन उभे पाइप रुळासारखे. पंप त्या रुळावरून खाली सरकत जातो आणि आपोआप जागी बसतो. बिघडला तर वरून साखळी सोडायची. साखळीच्या टोकाला एक खास हुक, तो त्याच रुळाला धरून खाली उतरतो आणि अंधारात, घाण पाण्यात, कोणी न पाहता पंपाच्या कडीत खट्‌कन अडकतो. मग वर चेनपुलीनं ओढायचं. कचरा अडवणारी जाळीची टोपलीसुद्धा तशीच वर येणार. असा हुक बाजारात नव्हता. तो माझ्या वर्कशॉपमध्ये, माझ्या लेथवर, माझ्या हातानं झाला. पहिले दोन साहेबांनी परत केले. तिसरा पाहिला, खिशात टाकला आणि निघून गेले.

मी कड्यांसाठी भांडलो. निम्म्या तरी ठेवा म्हणालो. वरच्या चार ठेवा म्हणालो. शेवटी एक ठेवा, शोभेला, इथपर्यंत उतरलो. साहेब प्रत्येक वेळी एवढंच म्हणाले, "कडी असली का कोनीतरी उतरते." सगळ्या मजुरांसमोर माझी मोत्याची माळ कटरनं कापली. मिस्त्री तोंड फिरवून उभा होता. तो राग माझ्या पोटात अजून आहे, आणि मी तो काही कमी भावात सोडणार नाही.

मग आला उद्घाटनाचा दिवस.

मंडप, कमान, जिल्ह्यावरून आलेले मोठे पाहुणे, पाइपातून पलीकडच्या कुंडात पाणी पडताना पाहायला जमलेलं सगळं गाव. राखीव पंप कंपनीतून यायचा होता, पण एक बसवलेला होता आणि पुरेसा होता. पाहुण्यांनी फीत कापली. सरपंचांनी बटन दाबलं. पंपानं "घुर्र" केलं, मग "खर्र" केलं, आणि गप्प झाला.

टाळ्या मात्र वाजून गेल्या.

आम्ही धावलो. आत पाहतो तर विहीर चढत चाललेली आणि जाळीची टोपली जागेवर नाही! मी सरपंचांना विचारलं, तर ते अभिमानानं म्हणाले, "थे सकाळीच काढून घेतली. निरम्यानं घासून उनात वाळू घातली. पाहुणे येनार, घान कशी दिसू द्या?" आणि पाहुणे येणार म्हणूनच पहाटेपासून सगळं गाव झाडून काढलं होतं. झाडलेलं सगळं गेलं होतं नालीत. नालीतून थेट माझ्या पंपात.

"काही नाही," मी म्हणालो. "साखळी आणा. वर घेऊ पंप." मला आतून आनंदच झाला होता. सगळ्या गावासमोर माझा हुक चालणार!

पंपघराच्या खुंटीवर साखळी नव्हती.

"थे होय?" सरपंचांचा भाऊ म्हणाला. "बुढीची म्हैस कमानीच्या केळी खाऊन राह्यली होती. दावं सापडंना, मंग त्याच साखळीनं बांधून आलो गावाबाहेर. लय मजबूत हाय हो साखळी!"

तेवढ्यात खालच्या गल्लीतून एक बाई ओरडत आली, "माय व! मोरीतून उलटं पानी येऊन राह्यलं घरात!" सगळ्या गावाची तोंडं आमच्याकडं वळली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. कोणीतरी म्हणालं, "माणूस उतरवा, दोन मिंटाचं काम." कोणीतरी वीजवाल्यांची बांबूची शिडीसुद्धा आणली. आणि गावात अशी कामं करणारा बबन, कोणी नाव घ्यायच्या आतच, शर्ट काढून, कंबरेला दोर बांधून उभा राहिला. उतरशील का, असं आजवर त्याला कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यानंही काही विचारलं नाही.

शिडी विहिरीकडं आली, आणि इंगळे साहेबांनी विहिरीचं झाकण धाडकन बंद केलं आणि त्यावर मांडी घालून बसले.

"साहेब, उठा," सरपंच म्हणाले.

"नाही."

"अहो, पाहुणे उभे हायेत."

"त्याहिले खुर्ची द्या."

"बबन काय पयल्यांदा उतरून राह्यला? दर साली उतरते थो. काई होत नाही त्याले."

"नाही झालं तोवर नाहीच होत." साहेबांचा आवाज चढला, तो मी पहिल्यांदा ऐकला. "ह्या पान्यातून जहरी हवा निघते. दिसत नाही, वास बी मरते तिचा. माणूस दोन मिंटं आत अन् मंग दोर वढून काय येते, थे पाह्यलं का तुम्ही? खाली कोन हाय, सांगा! कोनी नाही. अन् कोनी जानार बी नाही."

बबन दोर कंबरेला बांधून तसाच उभा. म्हणाला, "साहेब, मी जातो ना. घरात पानी शिरलं लोकाच्या."

"तू गप बस बे!" साहेब ओरडले. मग माझ्याकडं वळले. "ठेकेदार, म्हैस!"

मी पळालो. या वयात, या पोटासकट, नव्या सफारीत मी ढोरासारखा पळालो. गावाबाहेर म्हैस कडुनिंबाखाली रवंथ करत उभी. गळ्यात माझी चकचकीत स्टीलची साखळी, आणि माझा हुक तिच्या छातीवर दागिन्यासारखा लोंबत होता! मी हात घातला, तर मागून काठी आली.

"हात नाही लावाचा." बुढी. पाऊणशे वर्षांची असेल, पण काठी विशीतली. "तुमीच बांधली. सोडली त जाईन मंडपात, मंग मलेच बोलशान."

"आजी, विहीर भरून राह्यली! साखळी पायजे!"

"मंग दावं आन."

"आणतो, मागून आणतो!"

"मागून कोनी आनत नसते. तुह्या कंबरेले काय हाय?"

मी कंबरेचा पट्टा काढला. ती अजून हलेना. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, आणि मी ओळखलं. ही नजर मी रोज आरशात पाहतो.

"तूच हाय ना ठेकेदार? माह्या मोरीची नाली तुमच्या पाइपाले नाही जोडली. आमचं घर सुटलं म्हनते."

"जोडतो."

"पाइप तुहा."

"माझा."

"खड्डा बी तूच करशीन."

"करतो, माय! सगळं करतो, पण सोड!"

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्यानं सांगितलेल्या भावात सौदा केला. म्हशीच्या शिंगांत पट्टा अडकवून तो खुंट्याला बांधला. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात पँट, असा मी पाहुण्यांसमोरून धावत आलो.

साहेब अजून झाकणावरच बसले होते. विहीर भरून कडेच्या फटीतून काळं पाणी बाहेर झिरपत होतं, त्यांची पँट बसल्या जागी भिजली होती. सरपंच हात जोडून थकलेले, चारदोन पोरं शिट्या मारून थकलेली. मला पाहिल्यावर साहेब उठले, झाकण उघडलं. साखळी चेनपुलीला लावली, हुक रुळावर बसवला, आणि सोडला. साखळी खळखळत काळ्या पाण्यात गेली. मी पँट धरून देवाचं नाव घेत होतो.

खट्‌.

तो आवाज ज्यानं ऐकला नाही, त्याला काय सांगायचं! मी ओरडलो, "धरला! वढा!" बबननं चेनपुली हातात घेतली आणि सपासप ओढू लागला. घाणीनं थबथबलेला पंप रुळावरून हत्तीसारखा डुलत वर आला. त्याच्या तोंडाला घट्ट गुंडाळलेला होता मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स, आणि त्यावर हात जोडून हसणारे आमचे सरपंच, अर्धे. उरलेले अर्धे पंप खाऊन बसला होता. पाहुणेसुद्धा खुर्ची धरून हसले. बांबूच्या काठीनं फ्लेक्स सोडवला, जाळी जागेवर गेली, पंप खाली गेला, आणि या वेळी बटन दाबल्यावर पलीकडच्या कुंडात अशी धार पडली की मंडपात नाचायचंच बाकी होतं! खालच्या गल्लीतून बायांनी ओरडून सांगितलं, "उतरलं! पानी उतरलं!"

सत्कार झाले. सरपंचांचा झाला, पाहुण्यांचा झाला. माझ्या हुकाचं नाव कोणी घेतलं नाही. मी तणतणत साहेबांना शोधायला गेलो, निदान यांच्या तोंडून तरी आज वसूल करू म्हणून. ते पंपघराच्या मागं एकटेच उभे होते, हातात नारळाचा तुकडा, न खाल्लेला.

"हुक कसा वाटला?" मी विचारलं.

ते माझ्याकडं पाहतच नव्हते. समोर बबन हातपाय धुऊन उभा होता. त्याची बायको लेकीला घेऊन आली होती. पोरगी असेल तीन-चार वर्षांची. धावत आली, आणि बबननं तिला उचलून खांद्यावर घेतलं, पाण्याची धार दाखवायला.

साहेब म्हणाले, "माझा बाप हेच काम करे."

मी पँट सावरत त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"घरी आला का अंगनातच बसे. आम्ही पोरं धावत गेलो, का दोन्ही हात वर करे. दूर रहा म्हने, आंगाले वास येते. साबन लावून लावून चामडी सोलून घे, तरी मांडीवर नाही घे कोनाले. मी बारका होतो. मले वाटे, बाबा आपल्यावर रागावला हाय." नारळाचा तुकडा खिशात टाकत म्हणाले, "लय दिवस वाटे तसं."

इतक्यात बबन आमच्याकडं आला. कोणी त्याला सत्काराला बोलावलं होतं, अखेर. "साहेब, हिले धरा जरा," म्हणत त्यानं पोरगी सरळ त्यांच्या हातात दिली आणि शर्ट घालत मंडपाकडं पळाला.

साहेबांनी तिला धरलं, पण हात ताठ लांब करून, अंगापासून दूर. "खराब हायेत माय, माहे कपडे," ते तिला समजावू लागले. "वास येऊन राह्यला ना? हो ना?" माझ्याकडंही पाहिलं, घे म्हणून. मी पँट धरलेली होती, आणि नसती धरली तरी घेतली नसती.

पोरीला हवेत लोंबकळायचा कंटाळा आला. तिनं दोन्ही हात पुढं केले, त्यांची कॉलर पकडून स्वतःला जवळ ओढलं आणि खांद्यावर गाल टेकून धारेकडं पाहू लागली.

साहेबांनी ताठ हात दुमडले, आणि तिला धार नीट दिसावी म्हणून जरा वळून उभे राहिले.